विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संगणक व इंटरनेट वापरातील लिंगभेद : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संगणक व इंटरनेट वापरात लिंगानुसार फरक पडतो काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र या विषयांच्या संशोधकांनी गेल्या पंचवीस वर्षांत वारंवार हाताळला आहे. अशा अभ्यासांची पद्धत साधारणतः ठरलेली असते. मुले व मुली यांचे समान नमुने निवडावयाचे, प्रश्नावली भरून घ्यावयाची, आठवड्यातून किती तास आणि कोणत्या कारणासाठी इंटरनेट वापरता हे विचारावयाचे, काय-वर्ग कसोटी लावावयाची आणि फरक 'सार्थ' आहे किंवा नाही हे सांगावयाचे. मुले अधिक वेळ वापरतात, मुली कमी. मुलांचा कल मनोरंजनाकडे, मुलींचा अभ्यासाकडे, असा निष्कर्ष बहुधा निघतो आणि त्याचे कारण 'आवड' किंवा 'अभिवृत्ती' या शब्दांत शोधले जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक अडचण जाणवते. आवड ही वस्तू प्रश्नावलीच्या दिवशी जन्माला येत नाही. एखाद्या साधनापर्यंत कोण, कोणत्या वेळी, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या प्रयोजनाने पोहोचले, याचा जो इतिहास असतो, त्यातून आवड घडते. प्रस्तुत शोधनिबंधात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या पूर्वपीठिकेची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. येथे नवीन सर्वेक्षण सादर केलेले नाही. उपलब्ध शासकीय आकडेवारी, कायदे व नियम आणि या भागातील शिक्षणव्यवस्थेची सर्वपरिचित वस्तुस्थिती यांच्या आधारे विवेचन केले आहे.

या विवेचनाचा मुख्य मुद्दा असा आहे की, 'संगणक शिकणे' आणि 'इंटरनेट वापरणे' या दोन क्रिया आपल्या सर्वेक्षणांनी एकत्र केल्या असल्या तरी समाजाने त्या कधीही एक मानल्या नाहीत. पहिल्या क्रियेत मुलींना फारसा अडथळा झाला नाही. दुसऱ्या क्रियेत मात्र तो प्रत्येक टप्प्यावर झाला. ही दुफळी लक्षात न घेता काढलेली सरासरी दिशाभूल करणारी ठरते.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१८६४ मध्ये 'वणी' या नावाने अस्तित्वात आलेला आणि १९०५ पासून यवतमाळ या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा जुन्या वऱ्हाड प्रांताचा भाग होय. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ इतकी होती व त्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. त्याच जनगणनेत पुरुष साक्षरता सुमारे ८९ टक्के, तर स्त्री साक्षरता सुमारे ७६ टक्के नोंदविली गेली. कापसावर अवलंबून असलेली कोरडवाहू शेती, कोलाम, गोंड, आंध आदी आदिवासी समाजांची लक्षणीय वस्ती आणि तालुक्याच्या ठिकाणी केंद्रित झालेली महाविद्यालये ही येथील शैक्षणिक भूगोलाची ठळक वैशिष्ट्ये आहेत.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने १९८३ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १ मे रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ (२००५ पासून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९६ मध्ये यवतमाळ शहरात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आली. म्हणजे संगणक हा विषय या जिल्ह्याला अगदीच परका नव्हता. परंतु अभियांत्रिकीचा विद्यार्थी हा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा लहानसा अंश होय. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत शिकणारा, एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी हाच येथील सर्वसामान्य विद्यार्थी आहे आणि पुढील विवेचन प्रामुख्याने त्याच्याविषयी, किंबहुना तिच्याविषयी आहे.

टंकलेखन वर्गापासून एमएस-सीआयटीपर्यंत

संगणकाच्या आधी टंकलेखन यंत्र आले, ही गोष्ट आपल्या संगणकविषयक लेखनात सहसा दुर्लक्षित राहते. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. पुढील चार दशकांत तालुक्याच्या गावीसुद्धा एखाद्या माडीवर वा बाजारपेठेतील खोलीत टंकलेखनाचा वर्ग हमखास असे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षांसाठी तेथे मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाची तयारी करून घेतली जाई. लिपिक पदासाठी हीच अर्हता मागितली जात असल्याने पदवीला शिकत असतानाच 'टायपिंग काढून ठेवणे' हा शहाणपणाचा मार्ग समजला जाई. ('काढून ठेवणे' हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. विमा काढून ठेवावा, तसे टायपिंग काढून ठेवावयाचे.)

हा वर्ग मुलींसाठी योग्य का ठरला, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. वेळ ठरलेली असे. एक तास, तोही बहुधा महाविद्यालयाच्या वेळेला जोडून. शिक्षक समोर असे. यंत्रावर दिलेला उतारा टंकित करावयाचा, त्यापलीकडे यंत्राशी करण्यासारखे काही नसे. शेवटी प्रमाणपत्र मिळे. थोडक्यात, या तासाचा हिशेब देता येत असे. पालकांनी मुलीला घराबाहेर पाठविण्यास संमती देण्याच्या सर्व अटी टंकलेखन वर्ग पूर्ण करीत होता.

या संदर्भात १९९४ च्या राज्य महिला धोरणाचा उल्लेख आवश्यक आहे. शासकीय सेवेत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण ही त्या काळातील मोठी घडामोड होती. लिपिक पदाची जाहिरात निघाली की त्यात मुलींसाठी काही जागा निश्चित असणार, ही जाणीव ग्रामीण कुटुंबापर्यंत पोहोचली आणि प्रमाणपत्रांचे मोल वाढले. अशा वातावरणात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित (एमकेसीएल) या संस्थेची स्थापना झाली व एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक अर्हता आवश्यक केली होती. लिपिकवर्गीय पदांसाठी उमेदवारांकडूनही ती मागितली जाऊ लागली. अध्ययन साहित्य मराठीत उपलब्ध होते. पाहता पाहता अधिकृत केंद्रे तालुक्यांच्या गावांतून आणि मोठ्या खेड्यांतून निघाली. त्यांपैकी काही तर जुन्या टंकलेखन वर्गांच्याच जागेत सुरू झाली. यंत्रे हलली, संगणक आले, फळा तोच राहिला.

एमएस-सीआयटीच्या सामाजिक परिणामाविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्याची एक बाजू मात्र अधिक स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. हा अभ्यासक्रम टंकलेखन वर्गाचा सामाजिक वारस होता. दोन-तीन महिने, रोज ठरलेली वेळ, समोर शिक्षक, शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र, ही जुनीच चौकट होती आणि म्हणूनच मुलींसाठी ती आधीच मान्य झालेली होती. दहावी-बारावीच्या उन्हाळी सुटीत मुलीला एमएस-सीआयटीला घालणे ही २००० नंतरच्या दशकात जिल्ह्यात सर्वसामान्य बाब झाली. विवाहाच्या परिचयपत्रात पदवीपुढे 'एमएस-सीआयटी' लिहिण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. ज्ञानाचे असे लग्नाच्या बाजारात रूपांतर होणे खेदजनक असले, तरी त्यामुळेच अनेक मुलींना संगणकासमोर बसता आले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

जागतिक पातळीवर पाहिले असता या घटनेचे वेगळेपण अधिक जाणवते. १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जाहीर झालेल्या 'एनिॲक' या संगणकाचे आज्ञालेखन सहा स्त्रियांनी केले होते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेले आणि नंतर ते निम्म्याजवळ घसरले. जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील आपल्या अभ्यासात (२००२) या घसरणीच्या मुळाशी असलेले एक साधे कारण दाखवून दिले: घरात संगणक आला की तो मुलाच्या खोलीत ठेवला जाई. भारतात चित्र निराळे दिसते. रोली वर्मा व दीपक कपूर यांच्या अभ्यासानुसार (२०१५) भारतातील विद्यार्थिनी संगणकशास्त्राला 'पुरुषी' विषय मानत नाहीत; छताखालचे, सुरक्षित, अंगमेहनत नसलेले काम म्हणून तो मुलींना साजेसा समजला जातो. उल्फ मेलस्ट्रॉम यांनी मलेशियाविषयी (२००९) असेच निरीक्षण नोंदविले आहे. तेव्हा संगणक हा मुळात मुलांचा प्रांत आणि मुलींना त्याची भीती वाटते, हे पाश्चात्त्य अभ्यासांतून आलेले गृहीतक आपल्या प्रश्नावल्यांत जसेच्या तसे उतरविणे चुकीचे आहे. यवतमाळच्या मुलीला संगणकाची भीती होती असे म्हणण्यास आधार नाही. तिला भीती होती ती साडेपाचची बस चुकण्याची.

हिशेब नसलेला वेळ : सायबर कॅफे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने महानगरांत सुरू केली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. जिल्ह्याच्या गावांपर्यंत ही सेवा आली ती दूरध्वनीच्या तारेवरून, आणि विद्यार्थ्यांपर्यंत आली ती सायबर कॅफेच्या रूपाने. स्वतःच्या घरी संगणक व इंटरनेट असणे ही त्या काळात अपवादात्मक गोष्ट होती. २०११ च्या जनगणनेतही देशातील केवळ ३.१ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटसह संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ०.७ टक्का होते. मार्गोलिस-फिशर यांच्या अमेरिकन कुटुंबात प्रश्न 'कोणाच्या खोलीत' असा होता. येथे खोलीच नव्हती. साधन घराबाहेर, बाजारपेठेत होते.

आणि बाजारपेठेतील जागांचा इतिहास हा लिंगभेदाचाच इतिहास आहे. पानठेला, केशकर्तनालय, कॅरम क्लब, व्हिडिओ पार्लर यांच्या मालिकेत सायबर कॅफे येऊन बसला. लाकडी फळ्यांचे आडोसे, पडदे, मंद प्रकाश आणि तासाच्या हिशेबाने आकारणी असे त्याचे रूप होते. मुलाने तेथे अर्धा तास घालविला तर त्याला कोणी जाब विचारत नसे. मुलीने घालविला तर 'तेथे काय केले' या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागे. परीक्षेचा निकाल, प्रवेश अर्ज, नोकरीची जाहिरात ही उत्तरे ग्राह्य होती. सहज काही पाहिले, कोणाशी बोलले, एक दुवा उघडता उघडता दुसरा उघडला, ही उत्तरे ग्राह्य नव्हती. ज्याला सर्वेक्षणे 'मुलींचा कल अभ्यासाकडे' म्हणतात, तो पुष्कळदा या ग्राह्य उत्तराचाच अवशेष असतो. प्रश्नावली भरतानाही मुलगी तेच उत्तर देते, कारण प्रश्न तोच आहे. विचारणारा फक्त बदलला आहे.

इंटरनेटवरील कौशल्य हे बऱ्याच अंशी भटकण्यातून येते. शोधयंत्रात योग्य शब्द घालणे, खोटे संकेतस्थळ ओळखणे, चुकून बिघडविलेले दुरुस्त करणे, अनोळखी व्यक्तीशी कितपत बोलावे हे ताडणे, या गोष्टी अभ्यासक्रमातून थोड्या आणि निरुद्देश वापरातून अधिक शिकल्या जातात. निरुद्देश वेळ हाच मुलींना नाकारला गेला. निकाल पाहण्याचे कामदेखील अनेकदा भाऊ करी व छापील कागद घरी आणून देई. अशा मुलीची नोंद 'इंटरनेटचा लाभ घेतलेली विद्यार्थिनी' अशी करावी की 'न घेतलेली', हे ठरविण्याची सोय आपल्या सर्वेक्षणांत नाही.

शासनाने २०११ मध्ये सायबर कॅफेविषयी नियम जारी केले. ओळखपत्र पाहणे, प्रत्येक वापरकर्त्याची नोंद ठेवणे, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसणे, आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूस असणे, अशा तरतुदी त्यांत होत्या. सुरक्षेच्या दृष्टीने केलेल्या या नियमांचा मुलींवर दुहेरी परिणाम संभवतो. आडोसे बुटके झाल्याने जागा अधिक सभ्य झाली हे खरे. परंतु अनोळखी दुकानदाराकडे नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत देणे ही गोष्ट लहान गावात मुलीसाठी साधी नसते. या परिणामाचा अभ्यास व्हावयास हवा होता. तो होण्यापूर्वीच स्वस्त स्मार्टफोन आला आणि कॅफे झेरॉक्सच्या दुकानांत विलीन झाले.

येथे एका जुन्या समांतर उदाहरणाचे स्मरण होते. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात आपल्या शिक्षणाची हकीकत सांगितली आहे. न्यायमूर्तींच्या इच्छेने त्यांचे शिक्षण चालले होते; तथापि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष, विशेषतः इंग्रजी शिकण्याविषयीचा, त्यांना दीर्घकाळ सोसावा लागला. त्या रोषाचे स्वरूप पाहिले की अक्षरांना विरोध कमी आणि अक्षरांमध्ये जाणाऱ्या वेळेला, त्या वेळेत मुलगी 'आपली' राहत नाही या भावनेला अधिक महत्त्व होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीवाचनाविषयीची कुरकुरही याच जातीची होती. धडा वाचणारी मुलगी चालत होती, कादंबरी वाचणारी चालत नव्हती. साधन बदलले, भेद शिकण्यात व रमण्यात होता तसाच राहिला.

प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि एसटीचे वेळापत्रक

सायबर कॅफेला सन्मान्य पर्याय महाविद्यालय देऊ शकत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजना, 'नॅक' मूल्यांकनाची गरज आणि २००९ मध्ये सुरू झालेले माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शैक्षणिक अभियान यांमुळे महाविद्यालयांत संगणक आले. 'इन्फ्लिबनेट'च्या 'एन-लिस्ट' उपक्रमामुळे (२०१०) तर तालुक्यातील महाविद्यालयासही हजारो नियतकालिके व ग्रंथ इंटरनेटवर वाचणे शक्य झाले. या सुविधा कागदोपत्री मुले व मुली या दोघांसाठी समान होत्या.

पण समान सुविधा आणि समान वापर यांच्यामध्ये एसटीचे वेळापत्रक उभे असते. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास विद्यार्थिनीला बारावीपर्यंत मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्याही शालेय मुलींना डोळ्यांपुढे ठेवून सुरू झाल्या. पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवताच, म्हणजे ज्या वयात विद्यापीठीय अभ्यासासाठी संगणकाची खरी गरज सुरू होते त्याच वयात, ही सोय संपते व सवलतीच्या मासिक पासचा खर्च कुटुंबावर येतो. झरी-जामणी, मारेगाव किंवा घाटंजी तालुक्यातील खेड्यातून येणारी मुलगी सकाळच्या बसने येते, तासिका करते आणि दुपारच्या बसने परतते. ग्रंथालयातील संगणक कक्ष दुपारनंतर मोकळा होतो. तेव्हा तेथे गावातच राहणारी किंवा मोटारसायकल असणारी मुले बसलेली असतात. कक्षाच्या दारावर 'केवळ मुलांसाठी' अशी पाटी कोणीही लावलेली नसते.

२००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाने या अडचणीत भर घातली. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. प्रात्यक्षिकाच्या वेळी वीज गेली तर ती येईपर्यंत थांबणे हा एकच उपाय होता आणि थांबणे हे मुलींना सर्वांत कठीण होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची स्थिती तुलनेने बरी असेल असे वाटण्याचा संभव आहे. यवतमाळ, पुसद व पांढरकवडा येथील शासकीय वसतिगृहांनी आदिवासी व मागासवर्गीय मुलींच्या उच्च शिक्षणात बजावलेली भूमिका निश्चितच मोठी आहे. परंतु वसतिगृह म्हटले की संध्याकाळी परतण्याची वेळ आली, आणि मुलींच्या वसतिगृहांत ती सर्वत्रच मुलांपेक्षा आधीची असते. पुढे भ्रमणध्वनीच्या काळात याच नियमांनी नवे रूप घेतले. केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात ठरावीक वेळी भ्रमणध्वनी जमा करण्याच्या नियमास नकार दिल्याने एका विद्यार्थिनीस वसतिगृह सोडावे लागले. फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय देताना इंटरनेट उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले व तिला पुन्हा प्रवेश देण्यास सांगितले. या निर्णयाची दखल आपल्याकडील वसतिगृह नियमावल्यांनी कितपत घेतली, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

भाषेचा मुद्दा थोडक्यात नोंदवितो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांस दीर्घकाळ संगणकावर मराठी लिहिणे अवघड होते. निरनिराळ्या संचांचे अक्षरसाचे एकमेकांशी जुळत नसत. युनिकोडचा प्रसार होईपर्यंत एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येईना. या गोंधळात जुन्या रेमिंग्टन कळफलकावर टंकलेखन शिकलेल्यांना एक अनपेक्षित लाभ झाला, कारण तोच कळफलक संगणकावरील मराठी अक्षरसाच्यांत चालू ठेवण्यात आला होता. टंकलेखन वर्गात गेलेल्या मुली मराठी टंकनाची कामे घेऊ लागल्या. शोधप्रबंधांची टंकलिखिते तयार करणाऱ्या या स्त्रियांचे आपल्या विद्यापीठीय ज्ञाननिर्मितीतील स्थान ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीपुरते राहिले आहे.

भ्रमणध्वनीचा काळ

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर एकाएकी कोसळला. आता साधन बाजारपेठेतून खिशात आले. सायबर कॅफेचे दार, प्रयोगशाळेची वेळ, बसचे वेळापत्रक हे सर्व अडथळे एकदम निरर्थक ठरतील व लिंगभेद मिटेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. अमेरिकेत तसे घडलेही होते. प्यू संस्थेच्या २००५ च्या अहवालानुसार तेथे ६८ टक्के पुरुष व ६६ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरत होत्या.

आपल्याकडील आकडे मात्र निराळे सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) पाच वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींमध्ये इंटरनेट वापरता येणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण भारतात पुरुषांत १७.१ टक्के तर स्त्रियांत ८.५ टक्के, आणि नागरी भागात अनुक्रमे ४३.५ व ३०.१ टक्के आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के, तर पुरुष ६१.५ टक्के होते. हे आकडे सर्व लोकसंख्येचे आहेत, विद्यार्थ्यांचे नव्हेत, आणि ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तथापि २०२०-२१ मध्ये देशातील उच्च शिक्षणातील ४.१३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०१ कोटी विद्यार्थिनी होत्या, म्हणजे प्रवेशसंख्येत जवळजवळ बरोबरी झालेली होती. वर्गात बरोबरी आणि इंटरनेटवर एवढी तफावत, हे दृश्य एकाच समाजातील आहे.

भ्रमणध्वनी खिशात आला, पण कोणाच्या खिशात, हा प्रश्न उरला. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन ऑनलाइन झाले, तेव्हा तो प्रश्न ऐरणीवर आला. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो दिवसा वडिलांबरोबर शेतात वा भावाबरोबर बाहेर जाई. मुलीच्या हाती तो रात्री येई, तोही सर्वांच्या देखत. कौटुंबिक फोन आणि वैयक्तिक फोन यांतील हा फरक 'तुमच्याकडे स्मार्टफोन उपलब्ध आहे काय' या प्रश्नाने कळत नाही. दोघांचेही उत्तर 'होय' असेच येते.

नियंत्रणाची भाषा मात्र बदलत गेली आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने अविवाहित मुलींच्या भ्रमणध्वनी वापरावर बंदी घातली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी (ता. पुसद) येथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील सर्वांना भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. बान्सीच्या ठरावात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. मुलांना लागलेले खेळांचे व चित्रफितींचे वेड ही त्यामागील चिंता होती. दोन्ही ठरावांना 'मोबाइलबंदी' या एकाच मथळ्याखाली मांडणे अन्यायाचे होईल. बान्सीच्या ठरावाने प्रथमच मुलाच्या निरुद्देश वेळेचाही हिशेब मागितला, ही त्यातील लक्षणीय बाब. मुलीकडून तो हिशेब नेहमीच मागितला जात होता, म्हणून त्यासाठी कधी ठराव करावा लागला नव्हता.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या विहित प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णतः माफ केले आहे, तर मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात महिलांना निम्मी सवलत मिळते. 'शिकणे' या क्रियेचा खर्च कमी करणारे हे उपाय स्वागतार्ह होत. संगणक व माहिती तंत्रज्ञानाच्या वर्गांत मुलींची संख्या यामुळे वाढेल असे मानण्यास जागा आहे.

साधनांविषयी

या विषयाचा इतिहास अधिक काटेकोरपणे लिहावयाचा तर त्याची साधने कोणती, हा प्रश्न शिल्लक राहतो. सायबर कॅफेच्या नोंदवह्या नियमानुसार किमान एक वर्ष जपावयाच्या होत्या; त्यानंतर त्या रद्दीत गेल्या असणार. टंकलेखन वर्गांची हजेरीपुस्तके त्या संस्था बंद होताना नाहीशी होत आहेत. परंतु आपल्या महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतील वापर नोंदवह्या अद्याप काही ठिकाणी कपाटांत असण्याचा संभव आहे. तारीख, नाव, वर्ग, आत येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही, असे रकाने असलेली ही वही प्रश्नावलीपेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय पुरावा आहे. तिच्यात मुलीने काय आवडते ते सांगितलेले नसते. ती किती वाजता आली व किती वाजता उठली, एवढेच असते. त्या शेजारी त्या वर्षाचे एसटीचे वेळापत्रक, तासिकांचे वेळापत्रक आणि उपलब्ध असल्यास भारनियमनाचे तक्ते ठेवले, तर जिल्ह्यातील एकेका महाविद्यालयापुरता हा इतिहास आकड्यांनिशी लिहिता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधासाठी हा विषय सहज देता येण्यासारखा आहे. मात्र मूल्यांकन समितीची भेट आटोपली की जुन्या नोंदवह्या 'निर्लेखित' करण्याची जी पद्धत आहे, तीतून या वह्या वगळण्याविषयी ग्रंथपाल व विभागप्रमुखांनी आताच लेखी सूचना देणे आवश्यक आहे.